मावशींची पत्र्याची पेटी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)

आदरणीय सर, बाई आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

माइकसमोर उभं राहिलं की माझे पाय अजून लटपटतात. म्हणून मोठं काही बोलत नाही. एका पेटीबद्दल सांगते.

आपल्या शाळेत नर्स नव्हती. ऑफिसशेजारच्या खोलीत एक लोखंडी खाट, प्रथमोपचाराची पेटी आणि शिपाई मावशी, एवढाच आपला दवाखाना. खाटेखाली मावशींची पत्र्याची पेटी असे. शाळा सोडून गेलेल्या मुलामुलींचे जुने गणवेश, सुई, निळ्या-पांढऱ्या दोऱ्याची रिळं, सेफ्टी पिना, कापसाचा गठ्ठा, सगळं तीत. पहिलीतल्या पोराची चड्डी ओली झाली किंवा खो-खोत कुणाची उसवली, की वरात त्या खोलीत. इथली निम्मी पुरुष मंडळी तिथे टॉवेल गुंडाळून बसलेली आहेत. हसू नका, मला नावं पाठ आहेत!

मी आठवीत तिथे गेले. शनिवार, कवायतीचा पांढरा गणवेश. रांगेत मागच्या मैत्रिणीने हळूच सांगितलं, "तुझ्या स्कर्टला डाग पडलाय." मग अख्खं मैदान ती मला चिकटून मागे मागे चालत आली. ती आज दुसऱ्या रांगेत बसली आहे. थँक यू गं, फार उशिरा म्हणते आहे.

मावशींनी काही विचारलं नाही. पेटीतून निळा स्कर्ट काढला, कमरेला पिनेने आवळला आणि वर्गात निरोप पाठवला, "पोरीच्या पोटात दुखतंय." माझा स्कर्ट नळाखाली धरत म्हणाल्या, "गार पाण्यानंच धुवायचं. गरम लागलं की डाग बसतो." रक्तातली प्रथिनं उष्णतेने कापडात घट्ट बसतात, हे मी पुढे कधीतरी वाचलं. मावशींना ते आधीच ठाऊक होतं.

निघताना एवढंच, "सोमवारी आणून दे हं."

आईने स्कर्ट धुऊन, इस्त्री करून दिला. मी नेला नाही. पिशवी घेऊन त्या खोलीत जाताना कुणी पाहिलं तर? दोन महिन्यांनी खडू आणायला ऑफिसात गेले, तेव्हा सातवीतली एक मुलगी मावशींची शाल गुंडाळून खाटेवर रडत बसली होती. "पेटीत एकही स्कर्ट उरला नाही," मावशी बाईंना सांगत होत्या. मी खडू घेऊन वर्गात परत आले. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. मावशी आता नाहीत, त्यांनाही सांगायचं राहिलं.

२०१८ मध्ये राज्यात अस्मिता योजना आली, सॅनिटरी पॅडवरचा जीएसटीही त्याच वर्षी गेला. चांगलंच झालं. पण डाग पडल्यावर त्या मुलीने वर्गातून बाहेर कसं यायचं, हे शाळेलाच पाहावं लागतं.

म्हणून आपल्या तुकडीतर्फे त्या खोलीत एक कपाट द्यावं, अशी माझी विनंती आहे. स्कर्ट, पँट, आतले कपडे, पॅड, सुईदोरा. आम्ही सॉफ्टवेअरवाले प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतो, पण या कपाटाला नोंदवही नको. कुणी काय नेलं, परत का नाही आणलं, विचारायचं नाही. कमी पडलं की आपण भरायचं.

पहिला कपडा मी आणला आहे. या पिशवीत तो निळा स्कर्ट आहे. आईने जपून ठेवला होता.