रूपाचा सल व पंधरा मिनिटांचे लेखन



रूपाविषयीचा असंतोष आजचा नव्हे. वधूपरीक्षेच्या वेळी रंग आणि उंची पारखण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. मात्र पूर्वी स्त्रीची तुलना होई ती बहिणीशी, शेजारणीशी. आणि त्यांचे दमलेले, घामेजलेले चेहरेही तिच्या रोजच्या पाहण्यातले असत. मोबाईलवर दिसणाऱ्या चेहऱ्यांचे तसे नाही. छायाचित्रातील त्वचा उजळावी, डोळे मोठे व्हावेत, हनुवटी निमुळती दिसावी, अशी सोय त्या यंत्रातच असते. मनुष्य आपली पारख इतरांशी ताडून करतो, हे लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडले होते. ज्या चेहऱ्याशी ताडावयाचे तोच खरा नसेल, तर ताडणारीच्या पदरी उणेपणाच यावयाचा.

नेदरलँड्समध्ये जेसिका अलेव्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक उपाय करून पाहिला व २०१५ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आपल्या शरीराविषयी नाखूश असलेल्या ८१ तरुणींचे त्यांनी दोन गट केले. एका गटाने इंटरनेटवरून तीन वेळा, प्रत्येकी पंधरा मिनिटे, लेखन केले. विषय रूपाचा नव्हताच! आपले शरीर काय काय करते—चालते, ऐकते, जखम भरून काढते, नाचते, जवळच्या माणसास कुशीत घेते—आणि त्याचे आपल्याला मोल का वाटते, एवढेच लिहावयाचे. दुसऱ्या गटास निराळा विषय दिला होता. पहिल्या गटातील तरुणींचा आपल्या शरीराविषयीचा आदर वाढला. परक्याच्या नजरेने स्वतःकडे पाहण्याची सवय उणावली. आणि विशेष हे की, दिसण्याविषयीचे समाधानही वाढले. आठवड्यानंतर पाहिले तेव्हाही हा परिणाम टिकून होता. आठवडा म्हणजे फार काळ नव्हे, हे खरे. पण खर्चही कागद आणि पाऊण तास एवढाच.

हा प्रयोग प्रौढ तरुणींवर झालेला आहे. तेव्हा शिक्षिका भगिनींनी तो आधी स्वतः करून पाहावा, हे बरे. सातवी-आठवीच्या मुलींना असे लेखन द्यावयाचे झाल्यास ते वर्गात वाचून दाखवू नये, शुद्धलेखनाच्या तांबड्या खुणाही करू नयेत. वर्गात एखादी अपंग मुलगी असेल, तर विषय सांगताना केवळ धावण्या-उचलण्याची उदाहरणे देऊ नयेत. पाहणे, गाणे, हसणे हीही शरीराचीच कामे होत. एखादी मुलगी बारीक होण्यासाठी जेवण टाळू लागली असेल, तर मात्र लेखनावर विसंबू नये. पालकांना विश्वासात घेऊन तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांकडे न्यावे. आणि हजेरी घेताना 'काळी', 'जाडी' अशी टोपणनावे काही शाळांत अद्याप थट्टेने उच्चारली जातात, ती त्याच दिवशी बंद व्हावीत.