गाळलेल्या पाण्याचा गाळ कोण उचलणार?



बंगालची गोष्ट सांगतो आहोत, ती मुद्दाम. तळ्याच्या घाण पाण्याने हगवण लागते म्हणून तिथे गावोगाव हापश्या ठोकल्या गेल्या. पाणी काचेसारखे. १९८३ साली कलकत्त्याच्या डॉ. के. सी. साहांनी अंगावर काळे ठिपके आणि तळवे खडबडीत झालेले रोगी ओळखले. कारण हापशीच्या पाण्यातले आर्सेनिक. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर गेले की पाणी पिण्याजोगे नाही. उकळून ते जात नाही. पाणी आटेल तसे वाढतेच.

काढता येते. जमिनीखाली हवा नसते, तिथले आर्सेनिक सहज कशाला चिकटत नाही. म्हणून आधी ब्लीचिंग पावडर घालून त्याचे रूप बदलायचे. मग लोहाचा क्षार घालायचा. गंजासारखे तांबूस गोळे बनतात, आर्सेनिक त्यांना चिकटते. गोळे तळाला बसतात, उरलेले वाळूत अडकतात. शेतकी कॉलेजात शिकलेल्या रसायनापलीकडे यात काही नाही.

मग अडले कुठे? हापश्यांना गाळणयंत्रे बसली, फिती कापल्या गेल्या आणि पुढे बरीच यंत्रे निकामी झाली. आतला थर कधी धुवायचा, कधी बदलायचा, पैसे कोणी द्यायचे, हे ठरलेच नव्हते. आणि धुतलेला गाळ? त्यात तर सगळे विष गोळा झालेले. काही ठिकाणी तो नालीत, तळ्यात गेला.

आपल्या यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या बोअरमधले दुखणे आर्सेनिकचे नाही, फ्लोराइडचे आहे. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, म्हाताऱ्यांचे आखडलेले गुडघे आपण रोज पाहतो. लोहाचे गाळण इथे फारसे कामाचे नाही. इथे नागपूरच्या 'नीरी'ने बसवलेली चुना-तुरटीची पद्धत लागते. पण गाळ इथेही उरतोच. यंत्राचा ठराव ग्रामसभेत आला तर हात वर करण्याआधी विचारा: तुरटी कोण आणणार, पाणी दर किती महिन्यांनी तपासणार, गाळ कुठे पुरणार? उत्तर कागदावर घ्या. आम्हीही एका गावात तोंडी भरवशावर राहिलो होतो. सहा महिन्यांत टाकीत शेळ्यांचा पाला होता.

पुढच्या बैठकीला येताना बोअरच्या तपासणीचा कागद आणा. नसेल तर पाणी आणा. बाटली प्लास्टिकची, त्याच पाण्याने तीनदा विसळलेली, वर बोअरमालकाचे नाव आणि तारीख.