फुकट, मोफत आणि मुक्त

(अकादमीच्या लेखक-शिक्षक कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

संयोजकांच्या पत्रात माझा विषय ‘मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यांतील अटी’ असा लिहिला होता. मी संगणकाचा माणूस नाही. बडोद्यात मराठी शिकवण्यात माझी नोकरी गेली. तरी हो म्हटलं, कारण या अटींशी माझी गाठ एका शब्दसंग्रहामुळे पडली, आणि त्या गाठीत आमची सात-आठ वर्षं अडकली. ती हकीकत सांगतो; अटी तिच्या ओघात येतील.

आमच्या शाळेत एक ज्येष्ठ सर होते. बडोद्याच्या मराठी घरांत बोलले जाणारे, गुजरातीच्या शेजारात रुजलेले शब्द ते गोळा करत. चार वह्या भरल्या. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ निघाला, तो कचेरीतल्या शब्दांचा. सर गमतीनं म्हणत, तो दरबारचा कोश, माझा स्वयंपाकघराचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी एका छापखान्यात तो टाइप करून घेतला, झेरॉक्स काढून दहा-पंधरा जणांना वाटला. कोणी विचारलं, “सर, यातलं लेखात वापरू का?” तर उत्तर ठरलेलं: “घ्या हो, माझं काय आहे त्यात!”

सर गेले. पुढं आम्ही काही जणांनी संग्रह नीट छापायचं ठरवलं आणि दोन कुलुपं समोर आली.

पहिलं कुलूप खरोखरचं होतं. त्या काळी देवनागरीची सॉफ्टवेअर महाग असत आणि त्यांच्याबरोबर डोंगल म्हणून एक ठोकळा मिळे. तो संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टला लावायचा. तो नसेल तर सॉफ्टवेअर चालायचं नाही. छापखान्याचा डोंगल बिघडला होता. नव्या संगणकांना ते पोर्टच नव्हतं. विकणाऱ्या कंपनीला आम्ही दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. साध्या संगणकावर फाइल उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसे, कारण प्रत्येक कंपनीनं अक्षरं आपापल्या मनाप्रमाणे क्रमांकांवर बसवली होती. सरांचे शब्द त्या कचऱ्यात होते, पण वाचता येत नव्हते.

माझा एक जुना विद्यार्थी अभियंता आहे. त्यानं असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे दोन प्रोग्रॅम शोधून काढले. दोन्ही फुकट. पहिला आमच्या फॉन्टच्या जवळचा होता, पण तो म्हणाला, “हा घेता येणार नाही. यावर काहीच लिहिलेलं नाही.” मला हे विचित्र वाटलं. लिहिलेलं नाही म्हणजे मनाई नाही, असा माझा समज. कायदा उलट आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात लिहिणाऱ्याचा हक्क लिहिताक्षणी आपोआप जन्मतो, नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात गोलातला ‘सी’ काढावा लागत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो वारसांकडे राहतो. प्रोग्रॅमसुद्धा या कायद्याच्या नजरेत साहित्यकृतीच आहे. म्हणजे मालक गप्प असेल तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा धरायचा. आणि ‘हो’ म्हणायचं असेल तर कायद्याला ते लेखी हवं असतं.

दुसरा प्रोग्रॅम एका हिंदी फॉन्टसाठी केलेला होता, पण त्याबरोबर जीपीएल नावाचा परवाना जोडलेला होता. विद्यार्थ्यानं तो घेतला, आमच्या फॉन्टचा तक्ता त्यात बसवला. पहिल्या वेलांटीनं त्याला फार छळलं: जुन्या फॉन्टमध्ये ती व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचं याच्या उलट. पंधरा दिवसांत सरांचे शब्द वाचता आले. त्या रात्री मी पहिल्यांदा जीपीएल शब्दशः वाचला.

हा परवाना ज्यातून आला ती गोष्ट अमेरिकेतली. रिचर्ड स्टॉलमन एमआयटीच्या प्रयोगशाळेत काम करत. त्यांच्याकडे आलेल्या नव्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकला की कळायचं नाही. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी स्वतः भर घालून सूचना यायची सोय केली होती. नव्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल अशी मूळ संहिता, कंपनीनं दिलाच नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो होता. त्यानं गुप्ततेचा करार केल्याचं सांगून नकार दिला. १९८३मध्ये स्टॉलमननी ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९८९मध्ये जीपीएलची पहिली आवृत्ती आली, १९९१मध्ये दुसरी, २००७मध्ये तिसरी. लिनक्सच्या गाभ्याला १९९२पासून हाच परवाना आहे. त्याआधी लिनस टॉरवाल्ड्स यांनी पैसे घेऊन वितरण करायला मनाई केली होती, ती त्यांनी काढून टाकली.

इंग्रजी ‘फ्री’ या शब्दानं या चळवळीला फार त्रास दिला, कारण त्याचे दोन अर्थ. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. मोफत म्हणजे पैसे न देता मिळालेलं (बडोद्यात आम्ही शेजाऱ्यांसारखं ‘मफत’ही म्हणतो), आणि मुक्त म्हणजे ज्याच्यावर बंधन नाही ते. तरी वर्तमानपत्रांत ‘मोफत सॉफ्टवेअर’ असंच छापून येतं. आयत्या मिळालेल्या सोयीचा आपण असा घोटाळा करतो.

स्टॉलमन चार मोकळिकी सांगतात आणि प्रोग्रॅमरांच्या सवयीनं मोजणी शून्यापासून करतात: हव्या त्या कामासाठी प्रोग्रॅम चालवणं, तो कसा चालतो ते पाहून बदलणं, त्याच्या प्रती इतरांना देणं, बदललेल्या प्रती इतरांना देणं. पैसे घ्यायला मनाई नाही. माझ्या विद्यार्थ्यानं पुढं गावातल्या एका छापखान्याला तो सुधारलेला प्रोग्रॅम मेहनताना घेऊन दिला, आणि ते नियमात बसतं. पण बरोबर सोर्स कोडही दिला, कारण ते बंधनकारक आहे. छापखान्यानं तो प्रोग्रॅम पुढं दहा जणांना वाटला असता तरी याला अडवता आलं नसतं. आपल्याला जो हक्क मिळाला तो पुढच्याला नाकारायचा नाही, जादा अट घालायची नाही, ही जीपीएलची मुख्य अट. घरात बसून स्वतःपुरते बदल केले तर ते कोणालाही दाखवावे लागत नाहीत. अटी लागू होतात त्या प्रत दुसऱ्याच्या हातात गेली की. सगळे परवाने इतके कडक नाहीत. एमआयटी किंवा बीएसडी परवान्यात मूळ कर्त्याची नोंद तेवढी ठेवायची, पुढं तुम्ही ते बंद कुलपात ठेवलंत तरी चालतं.

जीपीएलमधली एक अट मला मराठीचा शिक्षक म्हणून थांबवून गेली. तुम्ही बदल केलात तर बदल केल्याचं ठळकपणे नोंदवा, आणि तारीख लिहा. इथं मला तुकोबांची गाथा आठवली. शतकानुशतकं लोकांनी अभंग उतरून घेतले, गायले, बदलले, नवे रचून ‘तुका म्हणे’ची मुद्रा लावली. प्रेमानंच केलं. पण कोणी तारीख लिहिली नाही, नाव लिहिलं नाही, आणि आज संशोधक पाठभेदांत खपत असतात. दुसरीकडे एकनाथ महाराज. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावलं की यात स्वतःची ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवणं. उतरून घ्या, वाटा, पण बदलू नका. आजच्या भाषेत तोही एक परवाना झाला. गंमत अशी की खुद्द जीपीएलच्या मजकुराच्या डोक्यावर हेच लिहिलेलं आहे: या परवान्याच्या हुबेहूब प्रती कोणीही वाटाव्यात, बदल मात्र करता येणार नाही. त्याच्या भाषांतरांनाही अधिकृत दर्जा मिळत नाही. आपण उद्या उत्तम मराठी भाषांतर केलं तरी ते समजण्यापुरतं. न्यायालयात इंग्रजीच बोलणार.

आता दुसरं कुलूप. छपाईला सार्वजनिक पैसा मागायचा तर हक्कदाराची लेखी संमती हवी. ‘घ्या हो’ हे लेखी नव्हतं. सरांचे दोन मुलगे आणि एक मुलगी, म्हणजे तीन सह्या. थोरल्यांनी लगेच सही दिली. धाकटे कॅनडात, त्यांचा पत्ता मिळायला वर्ष गेलं, मग त्यांनीही पाठवली. ताईंनी नकार दिला नाही, त्यांनी प्रश्न विचारला: “बदलायची परवानगी म्हणजे काय? बाबांनी लिहिलेला अर्थ कोणीही खोडायचा?”

मी त्यांना जीपीएल समजावून सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही. शिवाय जीपीएल प्रोग्रॅमसाठी. शब्दसंग्रहाला क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने जास्त बरे, जे २००२पासून आहेत. त्यांत बदलाला बंदी घालणारा एक प्रकार आहे, एकनाथी म्हणा. ताईंना तो हवा होता. आमचं म्हणणं असं की न बदलणारा कोश काही वर्षांत जुना होतो, नवे शब्द कुठं लिहायचे? आमच्यातच एका सदस्याला ‘नफ्यासाठी वापरायचं नाही’ ही अटही हवी होती. ऐकायला ती फार सात्त्विक वाटते. मी विरोध केला. गावातला छापखाना चार पैसे ठेवून पुस्तक विकणार असेल तर त्याला का अडवायचं? आणि ती अट घातलेला मजकूर विकिपीडियाही घेत नाही.

मार्ग सुचला तो फॉन्टांवरून. आपण ज्यांत टाइप करतो त्यांतले मुक्त, आयआयटी मुंबईचा शोभिका, मुंबईच्या एक टाइपचा, हे ओएफएल परवान्याखाली मिळतात. त्या परवान्यात सोय अशी की कर्त्याला फॉन्टचं नाव राखून ठेवता येतं. तुम्ही अक्षराचं वळण बदला, नवी जोडाक्षरं घाला, पण मग मूळ नाव लावायचं नाही, नवं नाव द्यायचं.

हेच आम्ही ताईंपुढं ठेवलं. सरांच्या चार वह्यांची छायाचित्रं, त्यांच्या हस्ताक्षरात, त्यांच्या नावानं: प्रती काढा, वाटा, बदल नाही. आणि टाइप केलेली यादी वेगळ्या नावानं: वाटा, विका, बदला, फक्त कर्त्याची नोंद ठेवा, बदल सांगा आणि पुढच्याला याच अटींवर द्या. कोणता अर्थ सरांचा आणि कोणता नंतरचा, ते दोन्ही समोर ठेवले की दिसतं. ताईंनी कागद महिनाभर ठेवून घेतला. मग सही आली, आणि सोबत पाचवी वही. ती आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती.

यादीतला पहिला बदल अकरावीतल्या एका मुलीनं केला. ‘अगाशी’ या शब्दापुढं सरांनी एकच अर्थ दिला आहे: गच्ची. तिनं पुढं लिहिलं: ‘उत्तरायणाला पतंग उडवायला चढतात ती.’ खाली तिची आद्याक्षरं आणि १४ जानेवारी.