मासळीचे वय आणि मासळीचे घर



आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. मासळीच्या धक्क्यावर कामगारांची संघटना बांधण्यात आमची उमर गेली; वाचले ते काम आटोपल्यावर, वाचनालयात बसून. तरीही आज खोल समुद्रातल्या एका माशाची हकीकत सांगण्याचे धाडस करतो.

ह्या तांबूस माशाचे नाव ऑरेंज रफी. न्यूझीलंडच्या समुद्रात सुमारे हजार मीटर खाली त्याची वस्ती. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिकडे ट्रॉलर जाऊ लागले. अंडी घालण्याच्या दिवसांत हे मासे पाण्यातल्या डोंगरांभोवती दाटीने जमतात. एकेका खेपेस कित्येक टन जाळ्यात येत. दोन विती लांबीचा मासा, तो लवकर वाढत असेल, असा हिशेब धरला गेला. हिशेब साफ चुकला.

घोळ किंवा ढोमी कापताना डोक्यातून पांढरा खडा निघतो, हे आमच्या भगिनींना ठाऊक आहे. तसाच खडा ह्याही माशाला असतो. त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की झाडाच्या बुंध्यासारखी वर्षावर्षाची वलये दिसतात. पुढे खड्यातील रेडियम व शिसे ह्यांचे प्रमाण मोजून १९९१ साली ताळा पाहिला, तेव्हा वय शंभरापुढे जाते हे पटले. अंडी घालण्याजोगा होण्यासच त्याला तीसएक वर्षे लागतात! त्यानंतर लांबी फारशी वाढत नाही. म्हणजे सारख्याच लांबीचे दोन मासे, एक चाळिशीतला, तर दुसरा शंभरीचा!

आमच्या एका सोबत्याचे वय मालकाने चेहरा पाहून लिहिले आणि त्याला चार वर्षे आधीच घरी बसविले. दाखला मिळेतो घर उपाशी राहिले. दिसण्यावरून वय ठरविले म्हणजे असा घात होतो.

म्हणून संशोधक ठरावीक खोलीवर जाळे ओढतात, प्रत्येक मासा मोजतात, खडे काढतात आणि नकाशा मांडतात. पिले बहुधा ८५० ते ९०० मीटरांच्या आसपास आढळतात. वाढतील तशी अधिक खोल पसरतात. पिलांचे घर व थोरांचे घर निराळे, हे कळल्याशिवाय कोठे जाळे टाकू नये हे कसे ठरणार? न्यूझीलंडच्या चॅलेंजर पठारावर मासे इतके घटले, की २००० साली तेथील मासेमारी बंद करावी लागली. ती २०१० साली पुन्हा सुरू झाली, तीही मोजक्याच मापाने. मधल्या काळात नुकसान बोटीवरच्या कामगाराचेही झाले.

आपल्या सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरविली, हे चांगले झाले. पण लांबीबरोबर ठिकाण आणि खोलीही लिहून ठेवली पाहिजे. ती वही बोटीवरचा तांडेल आणि धक्क्यावरचा कामगारच भरू शकतो. आमच्या संघटनेने हे काम अंगावर घ्यावे, असे आम्हांस वाटते. समुद्र रिकामा झाला, तर पगारवाढ मागायची कोणाजवळ?