पैठणची चुनखडी

श्रोतेहो, पैठणास गेलेला मनुष्य गोदावरीचें पात्र पाहतो, नागघाट पाहतो, नाथांच्या समाधीचें दर्शन घेतो. परंतु नदीच्या दरडींत मातीबरोबर जे पांढुरके खडे दिसतात, त्यांकडे त्याची दृष्टि सहसा जात नाहीं. हीच चुनखडी. आज तिची हकीकत सांगावयाची आहे.

पैठणच्या आसपासचा खडक म्हणजे काळा फत्तर. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं थिजलेला लाव्हा. चुनखडकाचा थर तेथें नाहीं. मग हा चुना आला कोठून? पावसाचें पाणी मातींत मुरतांना मुळांच्या व जीवजंतूंच्या श्वासांतील कर्बाम्ल वायु शोषून घेतें आणि किंचित् आंबट होतें. तें फत्तरांतील चुन्याचा अंश विरघळवितें. उन्हाळ्यांत पाणी उडून जातें, वायु निसटतो, आणि चुना कणाकणानें मागें राहतो. हजारों वर्षें हा क्रम चालला, कीं खडा तयार होतो. पाऊस फार असता तर चुना धुऊन समुद्रास गेला असता. म्हणून हे खडे बेताच्या पावसाचीच साक्ष देतात.

हा झाला अगदीं बालवयाचा चुनखडक. वृद्ध पाहावयाचा असेल, तर गोदावरीबरोबर खालीं जावें. सिरोंच्यापाशीं तिला प्राणहिता मिळते. त्या प्राणहितेच्या खोऱ्यांत, वणी-राजुऱ्याकडे, राखी, गुलाबी व काळ्या चुनखडकाचे थर आहेत. त्यांचें वय 100 कोटी वर्षांच्या आसपास. तेव्हां शंख-शिंपल्यांचे प्राणी जन्मासच आले नव्हते. समुद्राच्या पाण्यांतूनच चुन्याचा बारीक गाळ निवळून खचत्या तळावर थरावर थर बसला. वरच्या ओझ्यानें त्यांतील पाणी पिळून निघालें, बारीक कण विरघळून मोठे स्फटिक झाले, आणि गाळाचा दगड बनला.

दगड झाला म्हणून त्याचें स्थित्यंतर थांबत नाहीं. मॅग्नेशियमयुक्त पाणी झिरपलें, तर चुनखडकाचा डोलोमाइट होतो. दाब फार झाला, तर दगड आंतल्या आंत विरघळून करवतीच्या दातांसारख्या रेघा उमटतात.

आतां या कथेशीं आपला संबंध काय? शुद्ध चुनखडक 100 मण भाजला, तर कळीचा चुना 56 मण उरतो. 44 मण कर्बाम्ल वायु आकाशांत जातो. सिमेंटाच्या भट्टींतहि हेंच घडतें. इंधनाचा धूर निराळाच. कोट्यवधि वर्षें दगडांत कोंडलेला वायु आपण अल्पावधींत मोकळा करतों आणि पृथ्वीच्या वाढत्या उष्म्यांत भर घालतों.

जुन्या वाड्याच्या भिंतीवरील चुन्यानें मात्र तोच वायु हवेंतून हळूहळू परत घेतलेला असतो. तो चुना पुन्हां दगड झालेला असतो. म्हणून, श्रोतेहो, डागडुजीनें टिकण्याजोगी भिंत पाडण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. ती पाडणें म्हणजे कोठें तरी एक भट्टी नव्यानें पेटविणें होय.