माणूस आणि काम यांची गाठ

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या गौरवप्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलो व जन्मभर मास्तरकी केली. उद्योगधंद्यांवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि नोकरभरतीच्या व्यवसायाविषयी आमचा गैरसमज कसा दूर झाला, ते आपणांपुढे ठेवतो.

आमचा पुतण्या पदवीधर होऊन पुण्यातील अशा एका कंपनीत लागला, तेव्हा घरात कोणासही आनंद झाला नाही. "शिकूनसवरून शेवटी माणसांची दलालीच करणार ना?" असे आम्हीच त्यास बोललो. या बोलण्यास कारण होते. आमचे आजोबा मुंबईच्या गिरणीत होते. त्या काळी जॉबर गिरणीच्या दरवाज्याशी भरती करी. आपल्या गावचा, आपल्या नात्यातला तेवढा आत घेई आणि वर दस्तुरीही उकळी. १९३५ साली गिरणीमालकांनी बदली कामगारांची नोंद सुरू केली, ती या सत्तेस आळा घालण्यासाठीच. पुढे १९४५ साली युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी सरकारने सेवायोजन कार्यालये काढली. ती कालांतराने सर्वांस खुली झाली. १९५९ च्या कायद्याने मोठ्या मालकांवर रिकाम्या जागा कळविण्याचे बंधन घातले. परंतु कळविलेल्या नावांतूनच माणूस घ्यावा, असे बंधन नव्हते. आम्हीही मॅट्रिक होताच एका कार्यालयात नाव घातले होते. कार्डाचे नूतनीकरण आम्ही नेमाने केले. बोलावणे मात्र कधीच आले नाही.

पुतण्याचे काम आम्ही जवळून पाहिले तेव्हा निराळेच चित्र दिसले. मालकास नेमका कसा माणूस हवा हे समजून घ्यावयाचे, शेकडो अर्ज वाचावयाचे, उमेदवाराशी बोलून त्याचा कल ओळखावयाचा. विद्यार्थ्याची पारख करणे हे आमचेही काम होते. पण आम्ही गुण देऊन मोकळे होत होतो, हा त्या मुलास योग्य जागी नेऊन बसवितो. मोबदला मालकाकडून, उमेदवाराकडून एक पैसाही नाही.

आता आमची चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यास दूरध्वनी केला, "आपल्या ज्ञातीतला एक मुलगा आहे, त्याचे नाव जरा वर घाल." तो म्हणाला, "काका, नाव वर घालता येणार नाही. मुलाला मात्र माझ्याकडे पाठवा." आम्हांस राग आला. त्याने दोन रविवार खर्चून त्या मुलास अर्ज लिहिण्यास व नीट उत्तरे देण्यास शिकविले. दोन ठिकाणी मुलास नकार आला. तिसऱ्या ठिकाणी गोदामाचा हिशेब ठेवण्याच्या कामावर तो लागला. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आला तेव्हा त्याची मान ताठ होती. तो कोणाच्या उपकाराखाली नव्हता. जन्मभर जॉबरास नावे ठेवणारे आम्ही, पुतण्यास जॉबरच होण्यास सांगत होतो!

या व्यवसायात सर्वच गोड आहे असे नव्हे. दरमहा ठरावीक जागा भरण्याचा तगादा असतो. निवडलेला माणूस ऐनवेळी येत नाही. बाजार मंदावला की भरती आधी थांबते. शिवाय नोकरीचे आमिष दाखवून पैसे लुबाडणारे भामटेही याच नावाखाली वावरतात. परदेशी भरती करणाऱ्यास १९८३ च्या कायद्याने सरकारी नोंदणी आवश्यक केली. ती पाहिल्यावाचून कोणीही पारपत्र वा पैसा हातावेगळा करू नये.

पालकांस आमची विनंती, की मुलगा वा मुलगी या व्यवसायात गेल्यास नाक मुरडू नये, आणि सोयरीक जुळविताना त्यास हलका लेखू नये. मंडळास सूचना अशी, की महिन्यातील एक रविवार सभागृह उघडे ठेवून या क्षेत्रातील आपल्या तरुणांकडून मुलांस अर्ज व मुलाखतीची तयारी करून घ्यावी. त्या दारी कोणाचीही ज्ञाती विचारू नये. चिठ्ठी देण्यापेक्षा लायकी देणे हेच खरे ज्ञातिकार्य होय.