गळकी पेटी आणि तीन बंदरें

वादळांत सांपडलेल्या गलबताला आसरा द्यावयाचा, हा दर्यावर्दी लोकांचा फार जुना शिरस्ता आहे. परंतु गलबताच्या पोटांतच विष असेल, तर बंदरानें दार उघडावें कीं लावून घ्यावें? हा प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं. मे २०२१ मध्यें तो अरबी समुद्रांत प्रत्यक्ष उभा राहिला.

‘एक्स-प्रेस पर्ल’ हें सिंगापूरचें निशाण लावणारें मालवाहू जहाज त्याच वर्षाच्या आरंभीं सेवेंत दाखल झालें होतें. त्याजवर १४८६ लोखंडी पेट्या होत्या. त्यांपैकीं ८१ पेट्यांतील माल धोक्याचा होता, व त्यांत २५ टन नायट्रिक ॲसिड होतें. दुबईजवळील जेबेल अली बंदर सोडल्यावर ॲसिडची एक पेटी गळत असल्याचें आढळलें. ती उतरून घ्यावी अशी विनंती जहाजाकडून आधीं कतारच्या हमद बंदराला व मग गुजरातच्या हजिरा बंदराला करण्यांत आली. दोन्हीं ठिकाणीं ती मान्य झाली नाहीं. असली पेटी हाताळण्याची सामग्री व जाणकार माणसें तेथें तूर्त उपलब्ध नव्हतीं, असें कारण जहाज चालविणाऱ्या कंपनीनें पुढें प्रसिद्ध केलें. पेटी गळतच राहिली आणि जहाज पुढच्या बंदराची वाट चालूं लागलें.

१९ मेच्या रात्रीं तें कोलंबोबाहेर येऊन थांबलें आणि दुसऱ्याच दिवशीं त्यावर आग दिसली. २५ मे रोजीं मोठा स्फोट झाला. तथापि जहाजावरील २५ जणांचे प्राण वांचले. २ जून रोजीं जळालेलें धूड खोल पाण्याकडे ओढून नेत असतां त्याची पिछाडी तळाला टेकली. जहाजावर प्लॅस्टिकचे मसुरीएवढे दाणे सुमारें १६८० टन होते. ते समुद्रांत सांडले आणि श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्यांचे थर सांचले. नौदलाचे सैनिक वाळू चाळीत बसले. मेलेलीं कासवें किनाऱ्याला लागलीं. मासेमारीला बंदी झाली आणि नेगोंबोच्या कोळ्यांच्या होड्या वाळूंतच राहिल्या. ॲसिडची ती पेटी या कोळ्यांनीं कधीं पाहिलीहि नव्हती.

नकार देणाऱ्या बंदराची बाजू अगदींच लंगडी नाहीं. धक्क्यावर शेंकडों मजूर असतात, पाठीमागें वस्ती असते; सामग्रीवांचून ॲसिड उतरविणें हें साहस होय. मात्र नाकारलेली पेटी नाहींशी होत नाहीं. ती शेजाऱ्याच्या दारीं जाते, एवढेंच.

मौज अशी कीं (हिला मौज म्हणतां येत असेल तर) दक्षिण आशियांतील पर्यावरणविषयक सहकार्याची संस्था १९८२ पासून कोलंबोंतच आहे. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेश व मालदीव या पांच देशांनीं १९९५ मध्यें आपल्या समुद्रांसाठीं एक कार्ययोजना मान्य केली. तेल वा रसायनें सांडल्यास परस्परांस साहाय्य करण्याच्या कराराला भारत सरकारनें २०१८ मध्यें मंजुरी दिली. त्याप्रमाणें आग लागल्यावर भारतीय तटरक्षक दलाचीं जहाजें कोलंबोस धांवलीं, व त्यांनीं केलेलें काम लहान नव्हे. परंतु हें सर्व आग लागल्यानंतरचें. तत्पूर्वीं, पेटी नुसती गळत होती तेव्हां, ती कोणीं उतरून घ्यावी आणि खर्च कोणीं सोसावा, हा विचार प्रत्येक बंदरानें आपापल्यापुरता केला. शिवाय कतार हा १९७८ च्या कुवेत कराराच्या गटांतला. म्हणजे जहाज एका गटाच्या पाण्यांतून निघून दुसऱ्याच्या पाण्यांत आलें, आणि पेटी मात्र तीच होती.

युरोपला हा अनुभव २००२ मध्यें आला. ‘प्रेस्टिज’ हें फुटलेलें तेलवाहू जहाज स्पेननें किनाऱ्यापासून दूर लोटलें. तें भर समुद्रांत दुभंगलें आणि त्याचें तेल स्पेनच्याच गॅलिशिया प्रांताला व फ्रान्सलाहि लागलें. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें २००३ मध्यें अशा जहाजांना आश्रय देण्याविषयीं मार्गदर्शक तत्त्वें ठरविलीं. पण तीं सल्ल्याच्या स्वरूपाचीं आहेत. युरोपीय संघानें २००९ च्या कायद्यानें त्यापुढें पाऊल टाकलें. आसरा द्यावा कीं नाहीं, हें ठरविण्यासाठीं प्रत्येक सदस्य देशानें स्वतंत्र अधिकारी नेमावा, असें त्यानें बंधन घातलें. बंदराच्या नफ्यातोट्याचा हिशेब त्यामुळें निदान निर्णयाच्या खुर्चीपासून दूर राहतो.

दक्षिण आशियाच्या समुद्रावर २५ मे २०२५ रोजीं, कोलंबोच्या त्या स्फोटाला बरोबर चार वर्षें झालीं त्या दिवशीं, ‘एमएससी एल्सा ३’ हें जहाज कोचीनजीक बुडालें. प्लॅस्टिकचे तसलेच दाणे या खेपेस केरळ आणि तामिळनाडूच्या वाळूंत सांपडूं लागले.